गुरुवारचे भानुदासभाऊ

दारुड्याला गुत्ता कुणी दाखवावा लागत नाही. अनोळखी गावात एस.टी.तून उतरला तरी पंधरा मिनिटांत तो बरोबर दाराशी पोचतो. पण दारू सुटावी म्हणून जिथं चार माणसं एकत्र बसतात, ती जागा मात्र त्याला समोरून तीन-तीनदा जाऊनही सापडत नाही. मला सापडत नव्हती. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागं पत्ता लिहून दिला होता. क्रांती चौकातून आत, शाळेची मागची बाजू, दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहा. मी याच शहरात जन्मलो, इथंच वीस वर्षं सरकारी कारकुनी केली, त्या शाळेवरून हजार वेळा गेलो असेन. तरी त्या दिवशी मी त्या गल्लीत चौथी चक्कर मारत होतो आणि मधूनमधून कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला पेरूचा भाव विचारत होतो.

तिसऱ्यांदा भाव विचारला तेव्हा शाळेच्या गेटाशी उभा असलेला एक उंच माणूस माझ्याकडे आला. साठीच्या आसपासचा, काळासावळा, हडकुळा, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, दाढी-मिशी गुळगुळीत काढलेली.

"पेरू घ्यायचा नसंल तर चला आत. चहा झालाय."

"आत कुठं?"

"जिथं यायला निघालात तिथं. म्या बी पयल्या दिवशी ह्याच गाडीवर भाव विचारला व्हता. तवा ह्याचा बाप बसायचा हितं."

मी म्हणालो, कुणी ओळखीचं भेटलं तर? माझी सरकारी नोकरी आहे.

"गुत्त्यात जाताना भेटत नव्हतं का कुणी?" ते म्हणाले. "तवा कुठं गेली व्हती लाज?"

हे भानुदासभाऊ. माझी त्यांची ओळख अशी अपमानानं झाली, आणि पुढची सात वर्षं त्यांनी माझा अपमान करण्यात हयगय केली नाही. मी आज दारूशिवाय जगतो आहे ते बऱ्याच अंशी त्यामुळे.

आमच्या ग्रुपमध्ये आडनाव विचारत नाहीत. नुसतं नाव, आणि दोन सारख्या नावांची माणसं असली तर गाव. ते 'भानुदास, पाचोड'. पाचोडला त्यांची जमीन होती, भाऊबंद होते, पाटीलकीचा तोरा होता, एवढं त्यांच्या बोलण्यातून कळायचं. इथं ते एका कारखान्यात टाइमकीपर होते. राहायला सिडकोत. सिडकोत म्हणजे नेमकं कुठं, ते आम्ही कधी विचारलं नाही. त्यांनी बायकोवर कितीदा हात उचलला आणि बैलपोळ्याच्या दिवशी कुठल्या गटारीत पडले, हे मात्र आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मीटिंग पहिलीच्या वर्गात भरायची. भिंतीवर पाढे आणि फळांची चित्रं, आणि त्यांच्याखाली लहान मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले आम्ही वीस-पंचवीस बाप्ये. भानुदासभाऊ साडेपाचला यायचे. वर्ग स्वतः झाडायचे. शिपाई म्हणायचा, "राहू द्या, मी झाडतो," तर म्हणायचे, "तुझ्या पगारात बेवड्यांची घाण काढायचं लिवलंय का?" झाडून झालं की चहा ठेवायचे, आणि मग गेटावर जाऊन उभे राहायचे ते साडेसहा वाजेपर्यंत. बाहेर आमची पाटी नाही. पाटी लावली तर येणारा पळून जाईल, असं त्यांचं मत होतं. म्हणून पाटीच्या जागी ते स्वतः. गल्लीत शिरलेल्या माणसांत आपला कोण आणि शाळेत पोराची फी विचारायला आलेला कोण, हे त्यांना लांबून कळायचं. "आपला मानूस म्होरं बघून चालत नाय," ते सांगायचे. "गेटाकडं सोडून समद्या दुनियेकडं बघतो. मोबाइल काढतो, ठिवतो. तीनदा जातो अन् तीनदा येतो. चौथ्यांदा हात धरावा, नायतर गेला."

खिशात कायम गुळाचे खडे. तल्लफ आली म्हणून कुणी फोन केला की पहिला प्रश्न, "गूळ खाल्ला का?" दुसरा, "कुठं उभा हायेस?" तत्त्वज्ञान वगैरे त्यांच्याकडे नव्हतं. एकदा एक नवा गृहस्थ छाती काढून म्हणाला, "मी दारू सोडली!" भानुदासभाऊ बसल्या जागेवरून म्हणाले, "तुम्ही कोन सोडनार? आजच्याला तिनं सुट्टी दिलीय म्हना. उद्याचं उद्या बघू." दुसरा एक जण बायकोच्या कटकटीमुळे आपण कसे प्यायला लागलो ते रंगवून सांगत होता. त्याला म्हणाले, "बाईनं काय केलं ते बाई सांगंल की. तुम्ही काय केलं तेवढं सांगा." तो गृहस्थ पुन्हा आला नाही. मी म्हणालो, "भाऊ, जरा गोड बोलावं." ते म्हणाले, "गोड बोलाया बारवाला हाय ना."

पण हाच माणूस एकदा सिल्लोडला गेला होता. सिल्लोडचे जमीलभाई, मक्याचे आणि कापसाचे व्यापारी, दर गुरुवारी बसनं यायचे. सलग दोन गुरुवार आले नाहीत. फोन उचलेनात. शुक्रवारी सकाळीच भानुदासभाऊ रजा टाकून सिल्लोडला गेले आणि त्यांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. जमीलभाई आत पिऊन पडलेले. ती हकीकत जमीलभाई स्वतः सांगत, "मैं अंदर से गालियाँ दे रा, ये बाहर बैठा वा. दस बजे से. खाना नै, पानी नै. चार बजे बाहर निकला तो बोला, चलो मियाँ, गाडी का टाइम हो गया. बस, इतनाच बोला." जमीलभाईंची त्यानंतर कधी फेरी चुकली नाही.

रस्त्यात भेटले तर ते आपण होऊन ओळख दाखवायचे नाहीत. एकदा मी मेव्हण्याबरोबर गुलमंडीवर खरेदी करत होतो. माझं प्रकरण सासरी ठाऊक नव्हतं. भानुदासभाऊ समोरून आले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि परक्या माणसासारखं विचारलं, "साहेब, पैठण गेट कुन्हीकडं आलं हो?" मी हात करून दाखवलं. "मेहरबानी," म्हणाले आणि गेले. साठ वर्षं याच जिल्ह्यात काढलेल्या माणसाला पैठण गेट ठाऊक नसावं! मी शुद्धीत आहे ना, तेवढं त्यांना पाहायचं होतं.

त्यांना या जगात एकच गोष्ट हवी होती. मुलानं एकदा गुरुवारी यावं.

मुलाचं नाव प्रशांत. तो नववीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं. भानुदासभाऊ दुपारपासून प्यायलेले. पोराचं नाव पुकारल्यावर हेच स्टेजवर चढले, पाहुण्याच्या हातून माइक घेतला, "हे माजं पोरगं हाय" म्हणाले, आणि पडदा धरून खाली कोसळले. पडदा पडला, पाहुणा पडला, सगळी शाळा हसली. "पोरगं हसलं नाय," ते सांगायचे. "त्यानं माज्याकडं बघितलं अन् मागल्या दारानं निघून गेलं. तवापासून मला हाक मारत नाय. मायला म्हनतंय, त्यांना म्हनावं ताट वाढलंय. ताट माज्याम्होरंच असतंय."

पुढं वर्षभरानं भानुदासभाऊ या शाळेच्या गेटातून आत आले. मुलाला मात्र त्याचं काही वाटलं नाही. का वाटावं? बापानं दारू पिऊ नये ही काही मेहरबानी नव्हे. भानुदासभाऊंचंही तेच म्हणणं होतं. "त्यानं मला माफ करावं आसं म्या म्हनत नाय. त्यानं एकडाव ऐकावं. मला त्याच्याम्होरं बोलायचंय. घरी तोंड उघडत नाय माजं."

आमच्याकडे दारूशिवाय वर्ष पुरं झालं की त्या माणसाचा वाढदिवस करतात. केक असतो, चहा असतो, आणि पितळेचं एक बिल्ल्याएवढं पदक असतं. ते पदक घरातल्या माणसानं हातात ठेवायचं, अशी रीत आहे. माझ्या पहिल्या वर्षी माझी बायको आली होती. तिनं पदक ठेवलं आणि माझी मूठ मिटली. भानुदासभाऊंच्या बायकोला गुडघ्यामुळं जिना उतरवत नव्हता. त्यांना दर वर्षी पदक द्यायचे जमीलभाई. वाढदिवसाच्या आधी ते घरी बायकोला सांगायचे, मुलगा ऐकेल अशा बेतानं, "गुरुवारी साडेसहाला." त्यापुढं एक अक्षर नाही. "त्याच्यावर बोजा नको," म्हणायचे.

दहाव्या वर्षी त्यांची बायको म्हणाली, बहुतेक येईल तो.

त्या गुरुवारी भानुदासभाऊ चारलाच आले. वर्ग दोनदा झाडला. शर्ट नवा होता, घडी मोडलेली दिसत होती. गेटावर जायची वेळ झाली तेव्हा मला म्हणाले, "आज तुम्ही उभं ऱ्हा, सुधीरराव. त्यानं मला पयल्यांदाच वाचमनावानी गेटावर बघाया नको. म्या आत बसतो, मानसासारखा."

मला खरं तर अभिमान वाटला. माझी सहा वर्षं झाली होती. भानुदासभाऊंच्या जागेवर उभं राहायचं म्हणजे बढतीच होती. आमच्या घराण्यात आधी भिक्षुकी, मग कारकुनी, मग मी, अशी उतरती कमान असल्यानं बढतीचे प्रसंग थोडेच. मी पाठीमागं हात बांधून उभा राहिलो. मुलगा येणार तो आईला मोटारसायकलवर मागं बसवून, इस्त्रीचे कपडे घालून, हातात मिठाईचा पुडा घेऊन येणार, असं चित्र मी मनात धरलं होतं. आईला जिना उतरवत नाही हे ठाऊक असूनही.

सव्वासहाच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी एक तरुण माणूस दिसला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले, हेल्मेट हातात. शाळेवरून पुढं गेला. परत आला. मोबाइल काढला, ठेवला. गेट सोडून सगळीकडे पाहिलं. पुन्हा गेला. मी मोजत होतो. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मला शिकवलेलं सगळं आठवलं. चौथ्यांदा हात धरावा, नायतर गेला. मी पुढं झालो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भानुदासभाऊंच्याच थाटात म्हणालो, "या. लाजू नका. इथं आपण सगळे एकाच माळेचे मणी. शेवटची कधी घेतली?"

तो थबकून म्हणाला, "काय घेतली?"

"दारू हो. काल? आज सकाळी?"

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यानं माझा हात झटकला. "मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं जपतोय मी, की लोकांनी मला त्यांच्यासारखा समजू नये. आणि अजून गेटात पाय ठेवला नाही तर तुम्ही... बरोबर आहे. बेवड्याचं पोरगं ते बेवडंच दिसणार."

मला कळेपर्यंत त्यानं गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या मोटारसायकलला किक मारली होती. मी "प्रशांत!" म्हणून ओरडलो. गल्लीतली सगळी माणसं वळली, तो वळला नाही.

आत भानुदासभाऊ पहिल्या बाकावर ताठ बसले होते. मला पाहून म्हणाले, "आलं का कुनी?"

"नाही," मी म्हणालो.

सात वाजेपर्यंत थांबलो. मग ते म्हणाले, "चला, सुरू करा. नसंल जमलं त्याला. नोकरी हाय." जमीलभाईंनी पदक दिलं. टाळ्या झाल्या. भानुदासभाऊंनी केक खाल्ला आणि उरलेला शिपायाच्या घरी पाठवला.

मी का सांगितलं नाही? त्या दिवशी वाटलं, आजच्या दिवशी नको, त्यांचा वाढदिवस आहे. पुढच्या गुरुवारी वाटलं, आठवडा होऊन गेला, आता काय तोंडानं सांगू. तिसऱ्या गुरुवारी मी मनात वाक्यं जुळवून गेलो होतो, तेव्हा एक नवा माणूस आला आणि भानुदासभाऊ त्याच्यात गुंतले, आणि मला हायसं वाटलं. खरं कारण एवढंच की मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. आमच्या त्या खोलीत दुसरं काही नसलं तरी चालतं, खोटं चालत नाही. माणसं तिथं बायकोचं मंगळसूत्र विकल्याचं सांगतात, पोराच्या तापातही गुत्त्यात बसल्याचं सांगतात. मी दर गुरुवारी उभा राहून "माझं नाव सुधीर" म्हणायचो, जुनी पापं अगदी खुलवून सांगायचो, आणि ताजं पोटात घालून घरी यायचो. मला माझी शिसारी यायची. तरी सांगत नव्हतो.

एकदा मीटिंग सुटल्यावर आम्ही दोघंच बाक सरळ करत होतो. ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आत नस्ता आला तरी चाललं आसतं बरं का. नुस्ता गेटापत्तोर येऊन माघारी गेला आसता, तरी म्या म्हनलो आसतो, पुष्कळ झालं. तेवढ्यावर काढले आसते दिवस." माझ्या हातात बाकाचं एक टोक होतं, त्यांच्या हातात दुसरं. यापेक्षा सोपी संधी माणसाला काय मिळणार? मी म्हणालो, "येईल भाऊ. पुढच्या वर्षी येईल." ते म्हणाले, "व्हय," आणि बाक खाली ठेवला.

पुढचं वर्ष पुरं झालं नाही.

एका गुरुवारी गेटावर कुणी नव्हतं. वर्ग झाडलेला नव्हता. फोन बंद. दुसरा गुरुवारही तसाच गेला. आम्ही पंचवीस माणसं त्यांना शोधायला निघणार होतो, आणि कुणालाही आडनाव सांगता येईना. दवाखान्यात जाऊन काय विचारायचं? सिडकोत राहणारे भानुदास, पाचोडचे, गूळ देणारे? मग सिल्लोडहून जमीलभाईंचा फोन आला. म्हणाले, "सुधीरभाई, परसों का पेपर देखो. निधन का पन्ना."

परवाचा पेपर मी पाहिला होता. ते पानही पाहिलं होतं. 'भानुदासराव नरवडे यांचे पंधरा दिवसांच्या आजारानंतर हृदयविकाराने निधन', आणि वर एका भरदार चेहऱ्याच्या, फेटेवाल्या, झुपकेदार मिशांच्या पाटलाचा फोटो; 'मूळ गाव पाचोड' हे अगदी खाली, बारीक अक्षरांत. मी ते पान उलटून पुढं गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोकसभा होती. जमीलभाई आणि मी गेलो. तोच फोटो मोठा करून, हार घालून ठेवलेला. गाल सुजलेले, डोळे तांबारलेले, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. जमीलभाई माझ्या कानाशी लागून म्हणाले, "भाई, फोटो में पियेला है ये." खरं होतं. घरात त्यांचा दुसरा चांगला फोटो नव्हता. त्यानंतरच्या अकरा वर्षांत कुणी त्यांचा फोटो काढलाच नव्हता. आम्ही ज्या माणसाला ओळखत होतो तो तिथं कुठंच नव्हता, आणि धुंद डोळ्यांचा तो दुसराच माणूस उदबत्तीच्या धुरातून आमच्याकडे पाहत होता. मला घडलेलं त्यांचं शेवटचं दर्शन ते असं.

पाचोडचे एक भाऊबंद बोलायला उठले. म्हणाले, "आमचे भानुदासराव म्हंजे निर्व्यसनी मानूस. सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नाय." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाची आग झाली. रोज सकाळी उठून तो माणूस त्या दिवसापुरता जे करत होता, ते सगळं या सद्‌गृहस्थानं एका वाक्यात पुसून टाकलं. कधी प्यायलाच नाही म्हटल्यावर न पिण्याचं कौतुक कसलं? सूत्रसंचालकानं विचारलं, आणखी कुणाला बोलायचं आहे का. जमीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेत माझ्या ऑफिसचे साहेब बसले होते, नरवड्यांचे कुणी नातेवाईक असावेत. मी चप्पल शोधायला उठलो.

चपलांशी प्रशांतनं मला गाठलं. डोक्याचं मुंडण केलेलं, दाढी उतरवलेली, अंगावर पांढरा सदरा. चेहरा हुबेहूब बापाचा, आम्ही ओळखत होतो त्या बापाचा, फोटोतल्या नव्हे.

"त्या दिवशी गेटावर तुम्हीच होता ना?"

"हो," मी म्हणालो. "मोठी चूक झाली माझी."

"नाही हो. मीच फार बोललो. तुम्हाला काय ठाऊक मी कोण." तो खाली पाहत होता. "घरी आल्यावर मी त्यांच्याशी बोललो नाही. तेही काही बोलले नाहीत. मला वाटायचं, आज बोलतील, उद्या बोलतील. मग म्हटलं, त्यांना कळलंय ना, तेवढं पुरे. पुढच्या वर्षी आत जाऊ." त्यानं मान वर केली. "मी आलो होतो, हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना?"

जमीलभाई एक चप्पल पायात घालून तसेच थांबले.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "त्याच दिवशी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, गेटापत्तोर आला, पुष्कळ झालं."

त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. "फार उपकार झाले तुमचे," तो म्हणाला.

"त्यात काय," मी म्हणालो.